गयामावशीचं विधेयक

"आणि हे नववं पान, भाऊ. हे मंत्र्यांचं उत्तर झाल्यावर वाचायचं. त्याच्या आधी नाही."

भाऊंनी पोह्यांवरच्या तर्रीने माखलेली बोटं टॉवेलला पुसली आणि पान हातात घेतलं. भाऊ म्हणजे आमचे आमदार, बळवंतराव निखाडे. मी त्यांचा स्वीय सहायक, दिवाकर ठवकर. हिवाळी अधिवेशनाचा दुसरा शुक्रवार होता. नागपूरच्या आमदार निवासात सकाळचे साडेआठ वाजले होते आणि त्या दुपारी आमचं विधेयक सभागृहात यायचं होतं. आमचं म्हणजे भाऊंच्या नावाचं. पण त्यातलं अक्षर न् अक्षर माझं होतं, आणि ही गोष्ट मी खालच्या चहावाल्यालासुद्धा सांगून ठेवली होती.

भाऊंनी मोठ्याने वाचलं, "‘सन्माननीय मंत्रिमहोदयांनी दिलेल्या सुस्पष्ट आश्वासनाच्या पार्श्वभूमीवर, त्यांच्या सद्हेतूंवर पूर्ण विश्वास ठेवून, मी माझे विधेयक मागे घेण्यास सभागृहाची अनुमती मागतो.’ काऊन रे दिवाकर, मागे काऊन घ्यायचं? अजून तर मांडलंच नाई आपण."

"पद्धत आहे भाऊ. साध्या आमदाराने आणलेलं विधेयक कधी पास होत नसतं. शुक्रवारी दुपारी आपण बोलायचं, मंत्री म्हणणार सरकार सहानुभूतीने विचार करेल, की आपण मागे घ्यायचं. पण ते आश्वासन नोंदीवर येतं. मग त्याचा पाठपुरावा करून मी आदेश काढून घेतो. सात वर्षं बघतोय मी हे."

"आणि मंत्री हो म्हणाला तर?"

मी हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

"मंत्री आणि हो? भाऊ, मग सूर्य पश्चिमेला उगवेल."

भाऊंचं समाधान झालं. माणूस मनाचा मोठा, मतदारसंघात कोणाच्याही मयतीला अनवाणी जाणारा. पण कागद हातात आला की त्यांची अक्कल कागदाच्या स्वाधीन व्हायची. जे लिहिलंय ते खणखणीत वाचायचे, पदरचं काही घालायचे नाहीत. एकदा श्रद्धांजलीच्या भाषणात मी कडेला पेन्सिलने ‘इथे किंचित थांबावे’ लिहिलं होतं, तर तेही त्यांनी गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवलं. अशा माणसासाठी लिहिताना लिहिणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून लिहायला हवं. मी मात्र डोळ्यांत सुरमा घालून लिहीत होतो.

विधेयक होतं घरपट्टीचं. नगरपरिषदांच्या हद्दीत जे लोक आपल्या लहानशा घरात स्वतः राहतात, त्यांना घरपट्टीतून सूट द्यावी, असा त्याचा मतलब. एवढं साधं होतं, पण मी त्याचं नावच दीड ओळीचं ठेवलं होतं. त्यात कलमं होती सहा. पाच कलमं जनतेसाठी होती. चौथं कलम गयामावशीसाठी होतं.

गयामावशी म्हणजे गयाबाई बोरकुटे, धामणखेडची आमची शेजारीण. आमच्या आणि तिच्या अंगणात एक कमरेएवढी भिंत. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. दोन खोल्या आणि अंगण एवढीच तिची इस्टेट, पण त्या अंगणात चूल होती आणि चुलीवर पालथा माठ. त्या माठावर ती लांब रोट्या करायची. सैल कणीक कोपरापर्यंत हातांवर खेळवत, ओढणीसारखी लांबवत माठावर टाकायची. गावातलं एकही लग्न, एकही तेरवी तिच्या रोट्यांशिवाय होत नसे. आई आजारी असायची त्या दिवसांत भिंतीवरून आलेल्या रोट्यांवरच मी वाढलो.

त्या साली नगरपरिषदेने सगळ्या घरांची नव्याने मोजणी काढली. मोजणारा माणूस मावशीच्या दारी आला तो ऐन लग्नसराईत. अंगणात एकाऐवजी चार चुली पेटलेल्या, मदतीला तीन बाया, बाहेर रोट्या न्यायला लोक उभे. त्याने बघितलं आणि वहीत लिहिलं: खानावळ. झालं! चारशे रुपयांची घरपट्टी व्यावसायिक दराने सहा हजारांच्या वर गेली, तीही मागच्या सहा वर्षांपासून. दंडासकट आकडा झाला त्रेपन्न हजार. नोटिशीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हरकत असल्यास तीस दिवसांत घ्यावी.

मावशीने ती नोटीस भिंतीवरून माझ्या हातात दिली.

"वाच बरं. मले त टॅक्सबाबू म्हणते का एक फारम भर. भरू का?"

मी नोटीस वाचली. वाचता वाचता माझ्या अंगात संचार झाला. मला ती त्रेपन्न हजारांची नोटीस दिसेना, मला विधिमंडळ दिसायला लागलं.

"मावशी, फॉर्म भरून तू एकटी सुटशील. बाकीच्यांचं काय? मी कायदाच बदलतो."

"कायदा? तू?"

"भाऊंच्या नावाने. पण तू हरकत घेतलीस, की उद्या मंत्री म्हणणार, बघा, आहे त्या कायद्यातच न्याय मिळतो, नवीन कशाला पाहिजे! माझ्या विधेयकातली हवाच निघून जाईल. तू थांब. पैसे भरू नको, फॉर्म भरू नको. थांब फक्त."

"थांबतो ना बाप्पा," ती म्हणाली. "माहं काय, मी घरीच हावो."

असा युक्तिवाद मी केला होता. कोणाजवळ? जिला एका सहीने मोकळं होता येत होतं तिच्याजवळ. आणि त्या युक्तिवादावर मी इतका खूश झालो की त्या रात्री जेवताना बायकोलाही ऐकवला. ती म्हणाली, "फारम भरू द्या ना हो तिले." मी म्हणालो, "तुला संसदीय कामकाजातलं कळत नाही."

मग सुरू झालं माझं लिहिणं. मुंबईच्या पावसाळी अधिवेशनात विधेयक दाखल झालं. खासगी विधेयकांचा नंबर चिठ्ठ्या टाकून लागतो; आमची चिठ्ठी निघाली आणि डिसेंबरमध्ये चर्चा ठरली. चौथ्या कलमात मी लिहिलं होतं की राहत्या घराच्या अंगणात स्त्रीने चुलीवर चालविलेला खाद्यपदार्थांचा उद्योग हा व्यावसायिक वापर समजण्यात येऊ नये, आणि ही तरतूद मागील आकारणीलाही लागू राहील. भाऊंनी विचारलं होतं, "हे चुलीचं काय रे मधातच?" मी म्हणालो होतो, "ग्रामीण स्त्रीचं सबलीकरण, भाऊ." भाऊंना शब्द आवडला होता.

तर तो शुक्रवार.

मी प्रेक्षक गॅलरीत पहिल्या रांगेत बसलो. खाली सभागृहात चाळीसेक आमदार असतील. शुक्रवारी दुपारी बाकीचे आपापल्या गावच्या वाटेला लागलेले असतात. पीठासनावर अध्यक्ष नव्हते, त्यांच्या जागी बसायला नेमलेल्या तालिकेवरचे एक वयस्क सदस्य होते आणि त्यांना जेवणानंतरची सुस्ती आलेली दिसत होती. भाऊ उभे राहिले आणि त्यांनी आठ पानं अशी वाचली की मी गॅलरीत बसून ओठ हलवत होतो. चौथ्या कलमाला विरोधी बाकांवरूनही कोणीतरी बाक वाजवला. माझ्या शेजारी चंद्रपूरकडचे एक गुरुजी बसले होते. त्यांना मी हळूच म्हणालो, "मसुदा आपलाच आहे." गुरुजी म्हणाले, "हो का," आणि पुढे बघू लागले.

मग मंत्री उठले. मी मनात त्यांचं उत्तर म्हणायला सुरुवात केली: अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी मांडलेला विषय अत्यंत महत्त्वाचा आहे. त्यांनी अगदी तेच म्हटलं. शासन याबाबत संवेदनशील आहे. तेही म्हटलं. मी खुशीत मागे टेकलो.

"आणि म्हणून," मंत्री म्हणाले, "हे विधेयक शासनाला मान्य आहे. ते आज एकमताने संमत करावं, अशी मी सभागृहाला विनंती करतो."

मला नंतर कळलं की चार महिन्यांवर नगरपरिषदांच्या निवडणुका होत्या, आणि सरकारला असं काहीतरी द्यायचंच होतं. आयतं, छापून तयार, विरोधकांनाही विरोध करता येणार नाही असं आमचं विधेयक त्यांना सकाळी सापडलं होतं. मंत्र्यांच्या तोंडून ‘मान्य’ हा शब्द मी सात वर्षांत पहिल्यांदा ऐकला. मी आनंदाने उठून उभा राहिलो, तर मागून मार्शलने खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

आणि मग माझी नजर भाऊंकडे गेली. भाऊ शेजारच्या आमदाराशी संत्र्यांच्या भावाबद्दल बोलत होते. मंत्र्यांचं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की मंत्री खाली बसले की नववं पान. मंत्री खाली बसले होते. भाऊंचा हात पानाकडे गेला.

मी गॅलरीतून हात हलवले. भाऊंनी वर बघितलं, मला बघून त्यांना आनंद झाला, आणि त्यांनीही हात हलवला. मार्शल म्हणाला, "साहेब, बसता का बाहेर जाता?"

मी बाहेर पळालो. गॅलरीतून ओरडलो असतो तर हक्कभंग झाला असता, कदाचित अटकही. पण दुसरा रस्ता होता. खाली लॉबीच्या दारात शिपाई उभा असतो, त्याच्या हाती चिठ्ठी दिली की तो ती अर्ध्या मिनिटात आमदाराच्या बाकावर पोचवतो. जिना मी तीन तीन पायऱ्या टाकत उतरलो. आत तालिकेवरचे सदस्य काहीतरी नियम सचिवांना विचारत होते, त्यात वेळ जात होता. लॉबीत स्पीकर लावलेला असतो, त्यावर सगळं ऐकू येत होतं. वेळ होता. देवाशपथ सांगतो, वेळ होता.

मी शिपायाकडून कागद घेतला आणि लिहिलं, ‘मा. आमदार महोदय, सविनय सादर. उपरोक्त विषयान्वये’

थांबलो. उपरोक्त म्हणायचं तर वर विषय लिहायला पाहिजे. वर ‘विषय’ लिहिला. मग वाटलं, ही चिठ्ठी बाकावर पडणार, शेजारच्या आमदाराच्या हाती पडली तर काय म्हणतील, भाऊंचा पी.ए. असा खाडाखोड करतो? दुसरा कागद मागितला.

शिपाई वयाने मोठा होता. तो म्हणाला, "साहेब, थोडक्यात लिवा ना."

"थांबा हो," मी त्याच्यावर खेकसलो, आणि लिहिलं, ‘मा. आमदार महोदय, सविनय सादर. प्रस्तुत विधेयक मागे घेण्यात येऊ नये, अशी आपणांस नम्र’

स्पीकरवर भाऊंचा आवाज आला. खणखणीत, सुंदर, एकेक शब्द सुटा. "सन्माननीय मंत्रिमहोदयांनी दिलेल्या सुस्पष्ट आश्वासनाच्या पार्श्वभूमीवर..."

"द्या ना इकडं!" शिपाई म्हणाला.

‘विनंती’ हा शब्द राहिला होता. तो लिहून, खाली सही करून मी चिठ्ठी दिली. सही कशाला केली ते मला आजवर कळलेलं नाही. शिपाई दार उघडून आत गेला, तेव्हा स्पीकरवर पीठासनाचा आवाज येत होता. "विधेयक मागे घेण्यास सभागृहाची अनुमती आहे काय? अनुमती आहे. विधेयक मागे घेण्यात आले आहे. पुढील विधेयक." त्या बिचाऱ्यांनीही जन्मभर हेच म्हटलं होतं. सवयीने म्हणून गेले.

‘मागे घेऊ नका.’ तीन शब्द. माझी आई चौथी शिकलेली होती, तिने तीन सेकंदांत लिहिले असते.

नंतर मी कक्ष अधिकाऱ्यांच्या पाया पडायचा राहिलो. ते म्हणाले, "ठवकर, एकदा अनुमती झाली की झाली. पुन्हा आणायचं तर पुन्हा नोटीस द्या, पुन्हा चिठ्ठीत नंबर लागू द्या." मंत्री लॉबीतून जाताना कोणाशीतरी हसत म्हणाले, "निखाड्यांसारखे सज्जन आमदार बघितले नाहीत. आम्ही देतो म्हणालो तर म्हणतात, राहू द्या!" उन्हाळ्यात त्यांचं खातंच बदललं आणि नवीन मंत्र्यांनी घरपट्टीवर अभ्यास समिती नेमली. ती अजून अभ्यास करत असावी.

भाऊ मला दाराशी भेटले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"कसं झालं? कुठं अडखळलो नाई ना?"

मी म्हणालो, "नाही भाऊ. एकदम खणखणीत."

"तू तेवढ्यात चिठ्ठी कायची पाठवली होती? माहा चष्मा त मी काढून ठेवला होता."

तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "अभिनंदनाची होती, भाऊ."

दुसऱ्या दिवशी आमच्या जिल्ह्याच्या एका पेपरात बातमी आली की आमदार निखाडेंच्या विधेयकाने सरकार नरमले, घरपट्टीवर ठोस आश्वासन. ती बातमी मीच फोनवर दिली होती. आणखी काय करणार होतो? खरं सांगितलं असतं तर उभ्या महाराष्ट्रात भाऊंचं हसं झालं असतं. हे मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे माझं झालं असतं.

धामणखेडला बस स्टँडवर बँड होता. भाऊंना शाल आणि नारळ, मलाही शाल आणि नारळ. गर्दीतून गयामावशी वाट काढत आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या रोट्या होत्या, अजून गरम.

"झालं ना रे?" तिने विचारलं.

"तत्त्वतः झालं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे होतंय. कागद यायचाय फक्त."

तिने माझ्या गालावरून पिठाचा हात फिरवला आणि गर्दीकडे वळून म्हणाली, "माह्या भिताडापल्याडचा पोरगा आहे हा!" मी नारळ छातीशी धरून उभा राहिलो. त्या रोट्या घरी नेल्या. माझ्याच्याने खाववल्या नाहीत, मुलांनी खाल्ल्या.

दोन महिने मी भिंतीच्या बाजूला जायचं टाळलं. अंघोळीला पहाटे उठू लागलो, का तर ती तेव्हा अंगणात नसते. आमदाराचा पी.ए., ज्याच्या चिठ्ठीवर तहसीलदार उठून उभा राहायचा, तो आपल्याच अंगणात चोरासारखा वावरत होता. फेब्रुवारीत वसुली पथक तिच्या दारावर जप्तीची नोटीस चिकटवून गेलं. मग मात्र पळायला जागा उरली नाही. मी भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेलो. ती चुलीसमोर बसून कणीक मळत होती.

"मावशी, मला बोलायचंय."

"बोल ना. बस त्या पाटावर."

मी सांगायला लागलो. नववं पान, मंत्र्यांचं ‘मान्य’, लॉबी, चिठ्ठी. इतके फाटे फोडत, इतके ‘तांत्रिकदृष्ट्या’ आणि ‘अनवधानाने’ घालत सांगितलं की मध्येच तिने हात थांबवला.

"दिवाकर, मले एक सांग. त्याहीनं दिलं होतं?"

"हो."

"आन् आपण नाई म्हटलं?"

"हो मावशी."

"तुह्या लिवण्यानं?"

"माझ्या लिहिण्याने."

तिने कणकेवर पाण्याचा हात फिरवला. मी म्हणालो, "चूक माझी आहे. हरकतीची मुदतही माझ्यामुळे गेली. मी तुला फॉर्म भरू दिला असता तर..."

"फारम भरला होता मी," ती म्हणाली.

"काय?"

"तीसाव्या दिवशी गेलती मी कचेरीत. गल्लीतल्या एका पोरीकडून भरून घेतला, सही केली, लायनीत उभी रायली. टॅक्सबाबू म्हणाला, दे मावशी, इंजिनेर येऊन पाहून जाईन, एक चूल हाय म्हणीन, कटून जाईन नाव. दोन मिनटाचं काम होतं."

"मग दिला नाहीस?"

"हात पुढं केला होता मी खिडकीतून." तिने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "मंग तुहं ध्यान आलं. तू म्हणे ना, हरकत घेतली त तुह्या कायद्यातली हवा निघून जाईन म्हणून? तुह्या अंगणात रोज उजेड दिसे मले, लिवत बसे तू. म्हटलं, लेकरू आपल्यासाठी एवढं लिवून रायलं, आन् मी इथं दोन मिनटात त्याची मेहनत मातीत घालतो का? वापस आली."

मी तिथे पाटावर बसून राहिलो. रोज रात्री जो उजेड तिला दिसत होता ना, त्या उजेडात मी कलमं कमी आणि प्रस्तावना जास्त लिहीत होतो. ‘यतः’ लिहावं की ‘ज्याअर्थी’, यावर मी एक पूर्ण आठवडा घालवला होता. आणि ती तिकडे समजत होती की मी तिचं घर वाचवतोय. मला लाज वाटली. अशी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

"मी पैसे उभे करतो," मी म्हणालो. "बायकोचे दागिने आहेत, पतपेढी आहे..."

"कायले? तुह्या पोरी लग्नाच्या व्हतीन उद्या. बाजूचा सराफ दोन वर्षांपासून मांगे लागला आहे माह्या. त्याले दुकान वाढवाचं आहे. देऊन टाकतो त्याले." आणि मग, एकदम रागाने, "आन् तोंड असं करून बसू नको माह्यासमोर! रडाचं असन त घरी जाऊन रड. चुलीचा धूर काय कमी आहे मले?"

मी गेलो. घरी जाऊन रडलोही.

सराफाने घर घेतलं. त्याच्या पैशातून नगरपरिषदेचे त्रेपन्न हजार आणि वरचा दंड गेला, उरलेले बँकेत टाकले. मावशीने तेलघाणीच्या मागे, एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली. सामान हलवायला मी गेलो होतो. दोन ट्रंका, अंथरूण, पितळेची भांडी, पाट. माठ मी स्वतः दोन्ही हातांत धरून जिना चढलो. घरमालक दारातच उभा होता.

"हे काय आहे?"

"रोट्यांचा माठ," मी म्हणालो.

"चूल चालणार नाही बरं का. स्लॅब काळा होतो. स्टोव्हवर काय करायचं ते करा."

मी तोंड उघडलं. आमदार, तहसीलदार, ओळखी, सगळं जिभेवर आलं. मावशीने मला मागून चिमटा काढला आणि त्याला म्हणाली, "नाई हो भाऊ, चूल कायची? दोन पोया लागते मले. पाणी भरून ठेवाले आणला माठ."

तो गेला. तिने माठ कोपऱ्यात सरळ ठेवला. जन्मभर मी तो पालथाच बघितला होता. काळा ठिक्कर बुडाकडचा भाग खाली गेला आणि वर कोरडं, स्वच्छ तोंड आलं. त्यात ती खरंच पाणी भरायला लागली, एकेक तांब्या. मी भिंतीला टेकून बघत राहिलो. मला काहीतरी म्हणायचं होतं, क्षमेचं, मोठं, तिच्या तोलाचं. सगळ्या अधिवेशनांत कमावलेल्या शब्दांतून एकही शब्द हाती लागेना.

"मावशी," मी कसंबसं म्हणालो, "इथलं भाडं दर महिन्याला मी..."

"भाडं मी देईन. आन् दुसरं काही द्याचंच नाई आता." ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, पदराने हात पुसले, आणि हसायला लागली. आधी बारीक, मग पोट धरून.

"काय झालं?"

"अरे, या खोलीचा टॅक्स मालक भरते ना?"

"हो."

"म्हणजे आता मले घरपट्टी नाई. एक पैसा नाई. मरेपर्यंत माफ." डोळे पुसत तिने माझ्या पाठीवर थाप मारली. "झालं पाय तुहं बिल पास!"